नळ चौकटीबाहेर: शाळेच्या भिंतीवरील एका सामूहिक चित्रप्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या सीमेजवळ, तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या केळीच्या पट्ट्यातील एका गावात, जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत हा प्रकल्प झाला. गावाची, शाळेची आणि माणसांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले आणि त्यांमागे कोणती कारणे होती, एवढे मात्र जसेच्या तसे ठेवले आहे. प्रकल्पाचे टिपण ठेवण्याचे काम माझ्याकडे होते आणि मुलांच्या चर्चा, ग्रामसभेतील बोलणे व प्रत्यक्ष रंगकाम या तिन्हींच्या वेळी मी तेथे हजर असे.

सहावी आणि सातवी मिळून ३४ मुले यात होती. बहुतेकांच्या घरात अहिराणी बोलली जाते, काहींच्या घरात पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली. निम्म्या पालकांची थोडी केळी आणि कपाशी आहे. उरलेले पालक केळी कापणीच्या टोळ्यांत किंवा शेतमजुरीवर जातात. शाळेत स्वतंत्र कलाशिक्षक नाही. भाषा शिकवणाऱ्या बाईच चित्रकलेचा तास घेतात.

‘माझे गाव’ या विषयावर त्यांनी मुलांना चित्र काढायला सांगितले, तेव्हा जवळजवळ सर्व कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, एक झोपडी आणि नारळाचे झाड उमटले. गावात नारळाचे एकही झाड नाही. उत्तरेला सातपुड्याची लांबच लांब सपाट रांग रोज दिसते, पण ती कोणाच्याही चित्रात नव्हती. मुले गाव न पाहता आधी पाहिलेले चित्र पुन्हा काढत आहेत, असे बाईंचे मत झाले आणि पुढच्या तासाला त्यांनी वर्ग बाहेर नेला. प्रत्येकाने एका गल्लीतील भिंतींवर काय आहे ते पाहायचे आणि ते कोणी, कोणासाठी लिहिले असावे हे वहीत नोंदवायचे, असे काम दिले.

ही नोंद मला सगळ्या प्रकल्पातील सर्वांत मोलाचा भाग वाटते. मुलांनी कपाशीच्या बियाण्याच्या जाहिराती, ठिबकच्या नळ्यांच्या आणि सिमेंटच्या जाहिराती, स्वच्छतेच्या सरकारी घोषणा, गेल्या निवडणुकीतील अर्धवट पुसलेले चिन्ह आणि दुकानांच्या शटरवरील अक्षरे टिपून आणली. लग्न झालेल्या घरांच्या दाराशी पेंटरने काढलेला गणपती, कलश, दोन्ही बाजूंचे केळीचे खांब आणि नवरा-नवरीची नावे यांचीही नोंद होती. सातवीच्या एका मुलाने वहीत शेवटी लिहिले होते की, गावाच्या भिंतींवर दुकानदार बोलतो, पुढारी बोलतो, सरकार बोलते आणि लग्नघर बोलते. आमच्या वयाचे कोणी बोलत नाही. त्या वाक्यावर वर्गात पुष्कळ वेळ चर्चा झाली आणि शाळेच्या कुंपणाची रस्त्याकडील भिंत मागायची, असे त्यातून ठरले.

रस्त्यावरची कला वर्गात

भिंत मागण्याआधी बाईंनी काही तास रस्त्यावरच्या चित्रकलेला दिले. निवडलेली उदाहरणे एकमेकांना छेद देणारी होती आणि हे जाणूनबुजून केले होते. मुंबईत तुळशी पाइप रोडच्या लांब भिंतीवर २००९ मध्ये महानगरपालिकेच्या संमतीने शेकडो सामान्य लोकांनी चित्रे काढली. वांद्र्याच्या टेलिफोन इमारतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळके यांचे प्रचंड चित्र रंगवले गेले. दिल्लीच्या लोधी कॉलनीत २०१५ पासून सरकारी वसाहतीच्या भिंती चित्रकारांना मिळाल्या. मात्र न्यूयॉर्कमध्ये १९८६ साली कीथ हेरिंग या चित्रकाराने अमली पदार्थांच्या विरोधात एका खेळाच्या मैदानाची भिंत परवानगी न घेता रंगवली. त्याला दंड झाला, आणि पुढे त्याच शहराने त्याच जागी त्याला पुन्हा चित्र काढू दिले. ‘परवानगी नव्हती म्हणून चित्र वाईट ठरते का?’ हा प्रश्न बाईंनी विचारला आणि स्वतः त्याचे उत्तर दिले नाही. मुलांचे दोन तट पडले. भिंत ज्याची आहे त्याला विचारलेच पाहिजे, असे म्हणणाऱ्यांत घराच्या भिंतीवर न विचारता जाहिरात रंगवली गेलेली दोन मुले होती.

लॉस एंजेलिसचे उदाहरण मुलांना सर्वाधिक भावले. तेथे जुडी बाका या चित्रकर्तीने १९७६ पासून काही उन्हाळे चारशेहून अधिक किशोरवयीन मुलांना बरोबर घेऊन, पूर नियंत्रणासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या कालव्याच्या भिंतीवर शहराचा इतिहास रंगवला. शाळेच्या पुस्तकात ज्यांची नावे येत नाहीत अशा लोकांचा तो इतिहास होता. त्या चित्राची लांबी २,७५४ फूट आहे, हे ऐकून मुलांनी आपल्या गावातील बसथांब्यापासून तेवढी लांबी कोठवर जाईल याचा हिशेब लगेच मांडला.

भिंत आणि अडचण

मागितलेली भिंत रस्त्याकडून ६० फूट लांब आणि पाच फूट उंच होती. तिच्या मधल्या भागावर बियाण्याची जुनी जाहिरात होती. पूर्वेकडील कोपरा बसथांब्याजवळ असल्याने लोक तेथे लघवीला थांबत. पायथ्याशी लोणा, म्हणजे ओलीमुळे भिंतीवर फुटणारा क्षार, लागलेला होता आणि चुन्याचे अनेक थर पोपडे धरून सुटत होते.

मालकीही सरळ नव्हती. जमीन जिल्हा परिषदेची, कुंपण मात्र ग्रामपंचायतीच्या निधीतून बांधलेले. मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा आहे आणि सार्वजनिक दिसणाऱ्या जागेवर परवानगीशिवाय लिहिणे वा रंगवणे हा त्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे मुख्याध्यापकांनी सांगितले. शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत या दोहोंची लेखी संमती हवी, असा निष्कर्ष निघाला.

पहिला निर्णय येथेच घ्यावा लागला. ही परवानगी मोठ्यांनी आपसांत मिळवून मुलांच्या हाती तयार भिंत द्यायची, की परवानगीचा प्रवासही मुलांनी करायचा? मुख्याध्यापकांना पहिला मार्ग सोयीचा वाटत होता, कारण सरपंचांशी त्यांचे एका फोनवर काम झाले असते. बाईंचे म्हणणे असे होते की, रस्त्यावरची कला कागदावरच्या कलेहून वेगळी ठरते ती पाहणाऱ्यांमुळे. ती पाहणारी माणसे आधी भेटली नाहीत, तर मुले भिंतीच्या आकाराचा मोठा कागद तेवढा रंगवतील. शेवटी मुख्याध्यापकांनी हे मान्य केले. माझ्या मते प्रकल्पात पुढे जे काही शिकण्यासारखे घडले, ते याच निर्णयामुळे घडले.

समोर आलेले पर्याय

मुलांचे पत्र समितीपुढे वाचले गेले, तेव्हा विरोध कोणी केला नाही. भिंतीवर काय असावे यावर मात्र प्रत्येकाचे मत निघाले.

समितीतील बहुसंख्य पालकांना ‘बोलकी भिंत’ हवी होती. पाढे, महिने, शरीराचे अवयव, ‘मुलगी शिकली प्रगती झाली’ यांसारखी घोषणा, असे सगळे पेंटरकडून करून घ्यावे आणि मुलांनी रंग भरावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. यात दोष काढण्यासारखे काही नाही. अशा भिंतींनी लहान वर्गांना खरोखर मदत होते. पण पाढे शिकणारी मुले कुंपणाच्या आत असतात आणि ही भिंत बाहेर बस पकडणाऱ्यांना दिसते, हा मुद्दा एका आईने मांडला आणि तो सर्वांना पटला.

दुसरी सूचना पूर्वेकडील कोपऱ्यापुरती होती. तेथे देवादिकांच्या प्रतिमा काढल्या की लघवी करणारे आपोआप थांबतील, असे काहींना वाटत होते. अनेक शहरांत हा उपाय वापरला जातो. मुख्याध्यापकांनी तो स्पष्ट शब्दांत नाकारला. शाळेची भिंत सर्व घरांतील मुलांची आहे, आणि एखाद्या प्रतिमेची विटंबना झाली तर त्यातून उद्भवणारा वाद शाळेच्या दारात येईल, अशी त्यांची दोन कारणे होती. बसथांब्यावर मुतारी नाही, हे मूळ दुखणे आहे, असेही त्यांनी ग्रामपंचायत सदस्यांना सुनावले.

तिसरी सूचना वारली चित्रांची होती. ‘ती सोपी असतात आणि सगळ्या शाळांवर असतात,’ असे कारण दिले गेले. बाईंनी या सूचनेवर पूर्ण तास खर्च केला, आणि तो योग्यच होता. वारली चित्रे डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील वारली घरांत तांदळाच्या पिठीने गेरू-मातीच्या भिंतीवर लग्नाच्या वेळी सुवासिनी काढत आल्या; जिव्या सोमा मशे यांनी ती रोजच्या जगण्याच्या विषयांकडे नेली आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या चित्रांना त्यांचा प्रदेश, त्यांचा देव आणि त्यांचा प्रसंग आहे. त्रिकोणी माणसे उचलून आपल्या भिंतीची रिकामी जागा भरायची, तर नारळाच्या झाडाचीच पुनरावृत्ती होईल, हे मुलांच्या ध्यानात आले. पावरी घरातील एका मुलीने तेव्हा विचारले की, आमच्या घराच्या भिंतीवर आजी जे काढते ते चालेल का. चालेल, असे सर्वांनी एकमुखाने सांगितले.

चौथा पर्याय मुलांमधूनच आला: ३४ चौकटी आखून प्रत्येकाला एक द्यावी. यात भांडण नव्हते आणि प्रत्येकाचे नाव राहिले असते. बाईंनी तो लगेच बाजूला सारला नाही. त्यांनी जमिनीवर खडूने चौकटी आखून प्रत्येकाला एकेक वस्तू काढायला लावली आणि मग सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडे उभे करून पाहायला सांगितले. दुरून काहीच वाचता येत नव्हते. चालत्या बसमधून दिसेल असे एकच सलग चित्र हवे, हे त्यांनी स्वतः पाहून ठरवले.

चित्र कसे ठरले

केळीचा घड शेतातून ट्रकपर्यंत कसा जातो, हा विषय दोन्ही प्रकारच्या घरांतील मुलांना माहीत होता आणि त्याला डावीकडून उजवीकडे जाणारी वाट होती. डाव्या टोकाला सातपुड्याची सपाट रांग, मग बाग, ठिबकच्या नळ्या, घड कापणारे, खांद्यावर उशी घेऊन घड वाहणारे, वजनकाटा, ट्रक भरणारे आणि उजवीकडे गाव, अशी मांडणी झाली. पावरी मुलीच्या आजीची नक्षी चित्राच्या वरच्या काठाने पूर्ण साठ फूट गेली.

जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी चिकटवून तीन मीटर लांबीची पट्टी केली गेली आणि तिच्यावर पाच सेंटीमीटर म्हणजे भिंतीवरचा एक फूट, हे प्रमाण धरले. सातवीचा गुणोत्तर-प्रमाणाचा धडा या पट्टीवरच झाला. भिंतीचा खालचा एक फूट चित्रातून वगळला. गावातील घरांना जोत्याशी गेरूचा किंवा काळा पट्टा मारतात, तसाच येथे मारायचे ठरले, कारण पावसाचे शिंतोडे आणि लोणा दोन्ही तेथेच बसतात.

मजुरांच्या मुलांनी काढलेली माणसे ठळक आणि मोठी होती, बागाईतदारांच्या मुलांनी झाडे मोठी काढली होती. यावरून वाद झाला आणि तो बाईंनी मिटवला नाही. दोन्ही गटांना एकमेकांच्या पालकांना भेटून कापणीच्या दिवसाची माहिती घ्यायला पाठवले. एक भरलेला घड वाहणाऱ्याच्या खांद्यावर ठेवायला दुसरा माणूस लागतो, ही गोष्ट तोवर एकाही चित्रात नव्हती. ती नंतर आली, आणि आकारांचा वाद त्या जोडीने बराचसा आपोआप मिटला.

नळाचा प्रश्न

उजव्या टोकाच्या गावात सहावीच्या तीन मुलींनी एक नळ आणि त्यापुढे हंड्यांची रांग काढली होती. नळातून पाणी पडत नव्हते.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत दोन बाकांवर ती पट्टी उलगडली गेली. लोकांनी कौतुक केले, ट्रकच्या मागे लिहिलेला मजकूर वाचून दादही दिली. मग एका ज्येष्ठ सदस्यांनी नळाकडे बोट दाखवले. रस्त्यावरून तालुक्याचे साहेब जातात, पाहुणे येतात. यात गावाची बदनामी आहे, तेव्हा नळातून धार दाखवावी, असे त्यांनी सांगितले. त्यांचा सूर रागाचा नव्हता. ‘बेटा, एवढं एक कर’ असे ते म्हणाले, आणि जिला म्हणाले ती त्यांच्याच गल्लीतील मुलगी होती. तिने उत्तर दिले: ‘आबा, नळले पानीच नही, मंग चित्रमा पानी कसाले दखाडानं?’ काही बाया मोठ्याने हसल्या, काही पुरुष गप्प झाले. सरपंच ताईंनी निर्णय शाळेवर सोपवला.

पुढच्या दिवशी वर्गात चार मार्ग फळ्यावर लिहिले गेले. धार दाखवायची, नळ आणि हंडे दोन्ही काढून टाकायचे, जसे आहे तसे ठेवायचे आणि परवानगी गेली तर जाऊ द्यायची, किंवा काही वेगळेच शोधायचे. धार दाखवण्याला कोणाचाही पाठिंबा मिळाला नाही. रोज पाणी भरणाऱ्या मुलींना ते खोटे वाटत होते. जसे आहे तसे ठेवावे, असे म्हणणारी मुले संख्येने अधिक होती. पण परवानगी गेली तर आजीची नक्षी, ट्रक, घड वाहणारी माणसे हे सगळेच जाईल, हेही त्यांना दिसत होते. शेवटी ज्यांनी नळ काढला होता त्या तीन मुलींनीच सुचवले की हंड्यांची रांग ठेवावी, ती भिंतीच्या टोकापर्यंत न्यावी आणि नळ चौकटीबाहेर जावा. रांग कशासाठी आहे हे गावाला कळते. परक्याला ती विचार करायला लावील. ज्येष्ठ सदस्यांना ही पट्टी पुन्हा दाखवली, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि ठरावावर सही झाली.

या तडजोडीबद्दल शिक्षकांत मतभेद राहिले. मुख्याध्यापकांच्या मते मुले बोलणे न सोडता बोलण्याची रीत शिकली. बाईंना मात्र ही खंत होती की, परवानगी जाण्याची भीती वर्गात शिरल्यावर मुलांनी स्वतःहून मागे पाऊल घेतले, आणि ते स्वतःहून घेतलेले दिसावे यातच अधिक काळजीची बाब आहे. मला बाईंचे म्हणणे वजनदार वाटते. चित्र म्हणून हंड्यांची न संपणारी रांग अधिक प्रभावी झाली, हे खरे आहे. तरी बारा वर्षांच्या मुलींना खरे काढण्यासाठी युक्ती शोधावी लागली, ही नोंद त्या प्रभावाच्या खाली झाकली जाऊ नये.

रंगकाम

काम जानेवारीच्या शेवटी सुरू करून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत संपवायचे, हे हवामानावरून ठरले. खानदेशात मार्च संपता संपता दुपारची भिंत इतकी तापते की रंग ब्रशवरच आटू लागतो आणि पुढे त्याचे पापुद्रे निघतात. मुले सकाळच्या पहिल्या दोन तासिकांतच भिंतीवर असत.

चुन्याचे सुटे थर पत्र्याने खरवडून, तारेच्या ब्रशने घासून आणि पाण्याने धुऊन भिंत पूर्ण वाळू दिली गेली. भुकटी होणाऱ्या चुन्यावर कोणताही रंग टिकत नाही, त्यामुळे या कामाला जेवढा वेळ लागला तेवढा चित्राला लागला नाही. खरवडताना मुलांनी तोंडाला रुमाल बांधले. त्यानंतर बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात दिले. एका लिटरमध्ये दोन हातांसाठी साधारण ५० चौरस फूट धरले, तर २४० चौरस फुटांना पाच लिटर पुरतात. छटा तयार करण्यासाठी आणखी पांढरा लागणार म्हणून दहा लिटर आणला. स्टेनरच्या, म्हणजे पांढऱ्यात मिसळायच्या दाट रंगाच्या, छोट्या बाटल्यांनी फिकट रंग चांगले होतात, गडद लाल, काळा आणि पानाचा दाट हिरवा मात्र पांढऱ्यातून मिळत नाही. ते तीन रंग तयारच घेतले. तेलाचे रंग आणि टर्पेंटाइन मुलांच्या हाती द्यायचे नाहीत, हे आधीच ठरले होते. घरगुती रंगांतील शिश्याचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) अधिक नसावे, हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. म्हणून जुन्या पडून राहिलेल्या डब्यांचे दान नम्रपणे नाकारले गेले. भिंत पाच फुटांची असल्याने शिडी लागली नाही.

गावातील पेंटरना पाच दिवसांच्या मजुरीवर मुलांना शिकवण्यासाठी बोलावले होते. फ्लेक्स आल्यापासून त्यांचे अक्षरलेखनाचे काम जवळजवळ थांबले आहे. लग्नाचे गणपती तेवढे उरले आहेत. गेरूत बुडवलेली सुतळी ताणून एका फटक्यात सरळ रेघ कशी मारायची, ब्रश रंगात अर्धाच का बुडवायचा, लांब वळणाची रेघ ओढताना मनगट स्थिर ठेवून सबंध हात कसा फिरवायचा, हे त्यांनी इतक्या आपुलकीने दाखवले की मुले त्यांच्याभोवतीच घोटाळत राहिली. गावाच्या भिंतींची नोंद करताना मुलांनी ज्यांची अक्षरे वहीत उतरवली होती, ती यांचीच होती. रस्त्यावरचा चित्रकार म्हणून मुंबई-दिल्लीची नावे वर्गात आली, त्याच यादीत गावच्या पेंटरचे नाव पहिल्या तासापासून असायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

बाह्यरेषेचा प्रसंग

चित्र पाहायला तालुक्याहून अधिकारी येणार, असे कळल्यावर समितीतील एका सदस्यांनी पेंटरना सांगितले की, मुलांची कडा वाकडी-तिकडी आहे, तेव्हा काळ्या रंगाने एकदा नीट आउटलाइन मारा. पेंटरनी संध्याकाळी डावीकडील पंधरा फुटांवरच्या सर्व आकृतींना देखण्या काळ्या रेषा दिल्या. सकाळी मुले आली, तेव्हा काहींना आनंद झाला. घड कापणारी आई काढणारी मुलगी मात्र बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘बाई, ही आता कोणाचीही आई झाली.’

सगळ्या भिंतीला तशाच रेषा देऊन एकसारखेपणा आणावा, दिलेल्या रेषा पुसून टाकाव्यात, की ज्याच्या आकृतीवर रेषा आली त्याला विचारावे, असे तीन मार्ग होते. बाईंनी तिसरा निवडला. ज्यांच्या आकृती होत्या त्यांपैकी दोघींनी आपापले चित्र पांढऱ्या रंगाने झाकून पुन्हा काढले. इतरांना रेषा आवडली आणि ती राहिली. पेंटरना वाईट वाटू नये म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना सर्वांसमोर सांगितले की, चूक तुमची नाही, तुम्हाला जे सांगितले ते तुम्ही केले. हे बोलणे गरजेचे होते. भिंतीचा डावा भाग आजही उरलेल्या चित्राहून वेगळा दिसतो आणि अधिकाऱ्यांनी नेमकी त्याचीच स्तुती केली.

परिणाम

प्रकल्पानंतर महिन्याने बाईंनी पुन्हा ‘माझे गाव’ हा विषय दिला. नारळाचे झाड तीन चित्रांत आले. उरलेल्यांत टँकर, शटर बंद असलेले दुकान, वजनकाट्याभोवतीचा घोळका, पोळ्याला रंगवलेली शिंगे, अखजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका, वीज गेलेली रात्र अशा गोष्टी होत्या. चित्रे अधिक सफाईदार झाली होती असे नाही. ती एकमेकांसारखी राहिली नव्हती.

भिंतीसमोर लघवीला थांबणे कमी झाले. थांबणारे लोक मात्र रस्त्याच्या पलीकडे रोहित्राच्या आडोशाला जाऊ लागले, म्हणजे प्रश्न जागेवरून हलला एवढेच. मुतारीचा विषय मुलांनी पुढच्या ग्रामसभेत लेखी दिला आणि तो कार्यवृत्तात नोंदला गेला; बांधकाम झालेले नाही.

पावसाळ्यानंतर पूर्वेकडील सहा फुटांवर लोणा फुटून रंग सुटला आणि हंड्यांच्या रांगेतील शेवटचे हंडे फुटल्यासारखे दिसू लागले. एका सभेची भित्तिपत्रके ट्रकवर चिकटवली गेली. ती काढताना खळीबरोबर रंगही निघाला. मुलांनी स्वतः जाऊन पत्रके लावणाऱ्या तरुणांशी बोलणे केले. त्यांतील एक जण याच शाळेचा माजी विद्यार्थी निघाला आणि त्याने डाग भरायला रंग आणून दिला.

ठरावात एक अट मुलांच्या आग्रहाने घातली होती: तिसऱ्या वर्षी भिंत पांढरी करून त्या वेळच्या सहावी-सातवीला द्यायची. काही पालकांना आता ते जिवावर येते. इतके छान चित्र पुसायचे कशाला, असे ते विचारतात. मुले मात्र ठाम आहेत, कारण रस्त्यावरची चित्रे पुसली जातात आणि त्या जागी दुसरी येतात, हे त्यांनी उदाहरणांतून पाहिले आहे.

वेगळे काय करता आले असते

ओलीची चाचणी रंगकामाच्या आधी व्हायला हवी होती. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून एक दिवस ठेवला आणि आतून थेंब जमले, तर ओल भिंतीतून येते आहे हे कळते. पूर्वेकडील कोपऱ्यात ती निश्चित आढळली असती. तो भाग नव्याने गिलावा करून किमान महिनाभर वाळू देणे, किंवा चित्र तेथपर्यंत न नेणे, असे दोन्ही मार्ग खुले होते.

ग्रामसभेत जाण्यापूर्वी वर्गाने आपसांत ठरवायला हवे होते की, चित्रातील कोणती गोष्ट बदलायला तयार आहोत आणि कोणती नाही. तसे ठरलेले नसल्याने नळाचा निर्णय परवानगीच्या सावटाखाली झाला. नकार मिळाला तर दुसरी जागा कोणती, याचाही विचार आधी असता तर मुली अधिक मोकळेपणाने बोलल्या असत्या. गावात एका किराणा दुकानाची भिंत मालकाने नंतर स्वतःहून देऊ केली, म्हणजे पर्याय होता. तो कोणी विचारला नव्हता.

पेंटरशी केलेला करार तोंडी होता. शिकवायचे आहे, मुलांच्या चित्रावर हात चालवायचा नाही, आणि याबाबत सूचना फक्त बाईंकडूनच घ्यायची, एवढी तीन वाक्ये लिहून दिली असती तर त्यांच्यावर तो अवघड प्रसंग आला नसता. त्यांची मजुरी रंगाच्या खर्चातून उरली तर द्यायची, असे सुरुवातीला ठरले होते. ती अंदाजपत्रकात रंगाच्या आधी लिहिली जायला हवी.

ब्रश धुण्याचे काम पहिल्या आठवड्यात नकळत मुलींकडे गेले आणि पाळ्या लावल्यावर वाटले गेले. पुढील वेळी पाळ्या पहिल्या दिवशीच लावाव्यात. कापणीच्या टोळीबरोबर महिनाभर बाहेरगावी गेलेल्या चार मुलांची रेखाचित्रे पट्टीवर होती, पण भिंतीवर ती इतरांनी काढली. त्यांच्या परतण्याची तारीख पालकांकडून आधी समजून घेऊन त्यांचे चार फूट राखून ठेवणे शक्य होते.